बागेत भेटलेले गुरुजी

मीरा-भाईंदरच्या एका टोकाला, समुद्राच्या काठावर, चौक नावाचे गाव आहे. उत्तन, पाली, डोंगरी ही त्याची शेजारची गावे. येथे पूर्वी धारावीचा किल्ला होता. १७३९ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून जिंकून घेतला आणि त्यानंतर त्याच वर्षी खाडीपलीकडची वसईही जिंकली. या मोहिमेचे सेनापती चिमाजी अप्पा यांचे स्मारक चौकला आहे. खाली होड्या लागतात, जाळी वाळत असतात आणि पलीकडे वसईचा किनारा दिसतो.

समजा, तुमच्यापैकी एखादा मुलगा किंवा मुलगी या गावात राहते. दहावीची परीक्षा जवळ आली आहे. संध्याकाळी समुद्राकडे पाहत असताना मनात एकच प्रश्न येतो. दहावीनंतर पुढे काय? कला, वाणिज्य की विज्ञान? की एखादा हुन्नर शिकून लवकर कमाईला लागावे? कॉलेजची फी कोण भरणार? घरात आजवर कोणी कॉलेजात गेलेले नाही. मग हे सारे विचारायचे कोणाला?

आज अनेक शाळांत असे प्रश्न विचारण्यासाठी समुपदेशक असतात. समुपदेशक म्हणजे योग्य सल्ला देणारे शिक्षक. विद्यार्थ्याला काय आवडते, काय जमते, कोणत्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळेल, कोणती शिष्यवृत्ती मिळू शकेल, हे ते त्याच्याबरोबर बसून पाहतात. पण शंभर वर्षांपूर्वी आपल्या शाळांत असे कोणी नव्हते. तेव्हा मुले काय करीत असतील? बहुतेकांचे शिक्षण मध्येच थांबत असे. ज्यांना एखादा चांगला माणूस भेटला, त्यांचेच थोडेफार पुढे जात असे.

आज आपण अशाच एका चांगल्या माणसाची ओळख करून घेणार आहोत. त्यासाठी तुम्ही मनाने चौकहून बसने भाईंदर स्टेशनला या. तेथून लोकल गाडीने थेट चर्नी रोडला उतरा. स्टेशनजवळ एक बाग आहे. आज तिला स. का. पाटील उद्यान म्हणतात. पूर्वी ती चर्नी रोडची बाग म्हणून ओळखली जात होती. आपल्या गोष्टीतील दोन माणसे याच बागेत भेटली.

त्यातले एक होते शिक्षक. त्यांचे नाव कृष्णाजी अर्जुन केळुसकर. लोक त्यांना आदराने केळुसकर गुरुजी म्हणत.

केळुसकर गुरुजींचा जन्म १८६० मध्ये कोकणात वेंगुर्ल्याजवळच्या केळूस या गावी झाला. गावाच्या नावावरूनच त्यांचे आडनाव केळुसकर पडले. पुढे ते मुंबईला आले आणि विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. शिकवणे हा त्यांचा व्यवसाय होता, तर वाचणे आणि लिहिणे हा त्यांचा छंद होता. शाळेचे काम करून उरलेला वेळ ते ग्रंथांना देत.

मोठ्या माणसांची चरित्रे लिहिण्याची त्यांना विशेष आवड होती. त्यांनी संत तुकारामांचे चरित्र लिहिले. १८९८ मध्ये त्यांचे गौतम बुद्धांचे चरित्र प्रसिद्ध झाले. हे पुस्तक त्यांनी बडोदे संस्थानाच्या ग्रंथमालेसाठी लिहिले होते. त्यानंतर त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र लिहिले. त्यावर आधारलेले इंग्रजी चरित्रही १९२१ मध्ये निघाले. महाराष्ट्राबाहेरच्या अनेक वाचकांना त्यामुळे शिवाजी महाराजांची माहिती मिळाली.

तुमच्या मनात येईल, इतकी पुस्तके लिहिणाऱ्या माणसाचे नाव पुस्तकांमुळेच मोठे झाले असेल. ते खरेही आहे. पण केळुसकर गुरुजींनी आणखी एक काम केले. त्या कामाचा त्यांना पगार मिळाला नाही, की ते त्यांच्या नोकरीचा भागही नव्हते. मात्र त्या कामामुळे एका मुलाचे आयुष्य बदलले आणि त्या मुलामुळे आपल्या साऱ्या देशाचा फायदा झाला.

तो मुलगा कोण होता, ते आता पाहू.

बागेत एक मुलगा नेहमी येत असे. शाळा सुटली की तो एका जागी बसून पुस्तक वाचत राही. त्याच्या वयाची मुले खेळत, हसत, भांडत. याचे डोके मात्र पुस्तकात असे. हाती असलेले पुस्तक शाळेच्या अभ्यासाचे असेलच असे नाही. त्याला अभ्यासाबाहेरचे वाचण्याचीही मोठी हौस होती.

बागेत रोज येणाऱ्या माणसांपैकी कितीजणांनी त्या मुलाला पाहिले असेल! पण पाहणे वेगळे आणि लक्ष देणे वेगळे. केळुसकर गुरुजीही बागेत वाचत बसत. त्यांचे त्या मुलाकडे लक्ष गेले. ते त्याच्याशी बोलले. त्याची चौकशी केली. मुलगा अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार जातीतला आहे, हे त्यांना कळले. त्यामुळे त्यांच्या वागण्यात काही फरक पडला नाही. उलट त्यांनी त्याला वाचायला चांगली पुस्तके सुचवली आणि स्वतःजवळची पुस्तकेही दिली.

मुलाचे नाव होते भीमराव रामजी आंबेडकर. होय, पुढे भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर!

भीमराव बागेत का वाचत असे, हे समजून घ्यायचे तर त्याचे घर पाहायला हवे. त्याचे वडील रामजी सुभेदार हे सैन्यातून निवृत्त झालेले शिक्षक होते. कुटुंब परळच्या एका चाळीत लहानशा खोलीत राहत होते. त्याच खोलीत स्वयंपाक, तेथेच सामान, तेथेच झोपणे. अभ्यासाला जागा नव्हती आणि शांतताही नव्हती. म्हणून वडिलांनी एक युक्ती केली. भीमराव संध्याकाळी लवकर झोपे. वडील रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत. मग ते मुलाला उठवत आणि त्याच्या जागी स्वतः झोपत. सारे घर झोपलेले असताना भीमराव दिव्याच्या उजेडात अभ्यास करीत असे.

शाळेतही त्याला सुख नव्हते. तो एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होता. ती सरकारी शाळा होती. तरीही तेथे जातीभेदाचे चटके बसत. एकदा शिक्षकांनी त्याला गणित सोडवण्यासाठी फळ्याजवळ बोलावले. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमराव जवळ आला तर अन्न विटाळेल, या समजुतीने मुलांनी धावत जाऊन आपापले डबे बाजूला काढले. वर्गासमोर उभ्या राहिलेल्या त्या मुलाला काय वाटले असेल, याचा तुम्हीच विचार करा.

त्याला संस्कृत शिकायचे होते. ती इच्छाही पूर्ण झाली नाही. अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला त्या काळी नकार मिळाला. म्हणून त्याला फारसी भाषा घ्यावी लागली. तुम्ही उर्दू माध्यमात शिकता, त्यामुळे फारसी तुम्हांला परकी वाटणार नाही. उर्दूतले आणि मराठीतलेही कितीतरी शब्द फारसीतून आलेले आहेत. भीमरावावर अन्याय झाला, पण त्याने फारसीचा राग केला नाही. ती मन लावून शिकला. कॉलेजातही फारसी हा त्याचा विषय होता. पुढे मोठेपणी त्याने स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृतचाही अभ्यास केला. अशा रीतीने ज्या भाषेचे दार बंद झाले होते, तीही भाषा त्याने मिळवली.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिकची परीक्षा पास झाला. त्याला ७५० पैकी २८२ गुण मिळाले. म्हणजे शंभरात अडतीसही नाहीत! तुम्हांला आश्चर्य वाटले ना? आज कोणी नुसती ही गुणपत्रिका पाहिली असती, तर मुलगा साधारण आहे असे म्हणून ती परत केली असती. परंतु रात्री दोन वाजता उठून केलेला अभ्यास गुणपत्रिकेत दिसत नाही. बागेत बसून वाचलेली पुस्तकेही दिसत नाहीत. केळुसकर गुरुजींनी ही दोन्ही जाणली होती. म्हणून मुलाची खरी योग्यता त्यांना माहीत होती.

त्या काळी अस्पृश्य समाजातल्या मुलाने परीक्षेत असे यश मिळवणे ही फार दुर्मिळ गोष्ट होती. समाजातील लोकांना अतिशय आनंद झाला. त्यांनी भीमरावाचा सत्कार करायचे ठरवले. पण रामजी सुभेदारांना हे पसंत नव्हते. एका परीक्षेवरून एवढे कौतुक केले, तर मुलाच्या डोक्यात हवा जाईल, अशी त्यांना भीती वाटत होती. केळुसकर गुरुजी हे रामजींचे स्नेही होते. त्यांनी रामजींची समजूत घातली आणि सत्काराची सभा झाली.

या सभेत गुरुजींनी भीमरावाला एक भेट दिली. हार-तुरे सुकून जातात, मिठाई संपून जाते. गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. भीमरावाने ते वाचले आणि त्याच्या मनावर त्याचा खोल परिणाम झाला. त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला एक नवा विचार मिळाला. माणूस जन्माने लहान-मोठा ठरत नाही, हा तो विचार होता. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९५६ मध्ये, बाबासाहेबांनी बौद्ध धर्म स्वीकारला. त्याच वर्षी बुद्धांवरील आपल्या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिताना त्यांना या सभेची आणि या पुस्तकाची आठवण झाली. तेथे त्यांनी गुरुजींचा उल्लेख दादा केळुसकर असा प्रेमाने केला आहे. योग्य वेळी दिलेल्या एका पुस्तकाची ही ताकद आहे.

पण, मित्रांनो, पुस्तकाने मन भरते, कॉलेजची फी भरत नाही. पुढची अडचण पैशाची होती.

मॅट्रिक झाल्यावर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. वडिलांचे निवृत्तिवेतन थोडे होते आणि घरात माणसे पुष्कळ होती. कसेबसे दिवस गेले. भीमराव इंटरची परीक्षा पास झाला. बी. ए. होण्यासाठी अजून दोन वर्षे शिकणे जरूर होते. पण आता पैसा संपत आला होता. शिक्षण बंद पडण्याची वेळ आली.

क्षणभर येथे थांबून विचार करा. त्या वेळी मॅट्रिक झालेल्या मुलाला कारकुनाची नोकरी मिळू शकत होती. महिन्याला ठराविक पगार आला असता. घराला आधार झाला असता. वडीलधाऱ्यांनी तसा सल्ला दिला असता, तर त्यात त्यांचा काही दोष नव्हता. गरिबीत माणसाला आजची भाकरी आधी दिसते. भीमराव त्या दिवशी नोकरीला लागला असता, तर आपल्या देशाला किती मोठ्या माणसाला मुकावे लागले असते!

अशा वेळी केळुसकर गुरुजी पुढे आले. ते श्रीमंत नव्हते. भीमरावाची फी स्वतःच्या पगारातून दोन वर्षे भरणे त्यांना शक्य नव्हते. मग त्यांनी काय केले?

बडोद्याचे राजे महाराजा सयाजीराव गायकवाड यांना शिक्षणाची कळकळ होती. त्यांनी आपल्या संस्थानात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले होते. अस्पृश्य समाजातील लायक विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी मदत करण्याची तयारी त्यांनी मुंबईच्या टाउन हॉलमधील एका सभेत दाखवली होती. सभा संपली आणि लोक घरी गेले. महाराजांचे बोलणे अनेकांनी ऐकले होते. गुरुजींनी मात्र ते ध्यानात ठेवले.

त्यांनी महाराजांकडे भीमरावाची हकीकत पोचवली. मग त्याची आणि महाराजांची भेट ठरवली. महाराजांनी भीमरावाला काही प्रश्न विचारले. त्याने नीट आणि निर्भयपणे उत्तरे दिली. महाराजांचे समाधान झाले. त्यांनी भीमरावाला दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली.

पंचवीस रुपये! आज एवढ्या पैशांत एक वहीसुद्धा मुश्किलीने येते. त्या काळात मात्र एका विद्यार्थ्याचे कॉलेजचे शिक्षण चालू राहायला ते पुरेसे झाले.

येथे तुमच्या ओळखीचा एक शब्द आठवतो. मराठीत आपण शिफारस म्हणतो, उर्दूत तुम्ही सिफारिश म्हणता. शब्द एकच आहे आणि तो फारसीतून आलेला आहे. हल्ली या शब्दाला थोडा वाईट वास येतो. लायकी नसलेल्या माणसाला ओळखीच्या जोरावर आत ढकलणे, असा त्याचा अर्थ झाला आहे. गुरुजींनी केली तीही शिफारसच होती. पण त्यांनी लायक मुलाला दारापर्यंत नेऊन उभे केले. महाराजांच्या प्रश्नांची उत्तरे भीमरावालाच द्यावी लागली. तेथे गुरुजी त्याच्यासाठी बोलू शकत नव्हते. खरी शिफारस कोणती आणि खोटी कोणती, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

कॉलेजातही भीमरावाला एक चांगले प्राध्यापक भेटले. त्यांचे नाव म्युलर. ते त्याला वाचायला पुस्तके देत आणि कपड्यांचीही मदत करीत. मात्र सारे लोक तसे नव्हते. कॉलेजच्या उपाहारगृहाचा चालक त्याला चहा आणि पाणीसुद्धा देत नसे. मदत आणि अपमान दोन्ही सोबत घेऊन भीमराव शिकत राहिला आणि बी. ए. झाला.

१९१३ च्या आरंभी भीमराव बडोद्याला नोकरीसाठी गेला. पण थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. तो मुंबईला परतला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदारांचे निधन झाले. रात्री दोन वाजेपर्यंत जागणारा तो बाप आपल्या मुलाचे पुढचे वैभव पाहायला राहिला नाही.

त्याच वर्षी महाराजा सयाजीरावांनी काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवायचे ठरवले. त्यांत भीमरावाची निवड झाली. तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. मात्र तिला एक अट होती. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करायची. जून १९१३ मध्ये या करारावर सही झाली आणि जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोचला. कोलंबिया विद्यापीठात तो शिकू लागला. १९१५ मध्ये एम. ए. झाल्यावर पुढे तो लंडनला गेला.

गंमत अशी, की ज्या वर्षांत मुंबईत गुरुजी भीमरावाची काळजी वाहत होते, त्याच सुमारास अमेरिकेतील बोस्टन शहरातही एक गृहस्थ तरुणांना मार्ग दाखवत होते. त्यांचे नाव फ्रँक पार्सन्स. त्यांनी १९०८ मध्ये तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारी कचेरी उघडली. तरुणाने आधी स्वतःला ओळखावे, मग वेगवेगळ्या कामांची माहिती घ्यावी आणि नंतर दोन्हींचा मेळ घालून निर्णय करावा, अशी त्यांची पद्धत होती. आजच्या समुपदेशनाची सुरुवात बहुधा त्यांच्यापासून धरतात. मुंबईत तशी कचेरी नव्हती. येथे एक बाग होती आणि एक शिक्षक होते.

आता गोष्टीचा थोडा कटू भाग ऐका. शिष्यवृत्तीचा करार होता, म्हणून १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर हजर झाले. ते अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकून आले होते. तरी कचेरीतले शिपाई त्यांच्या हाती कागद देत नसत, लांबून टाकत. पिण्याचे पाणी मिळेना. राहायला घर मिळेना. ज्या ठिकाणी ते कसेबसे उतरले होते, तेथून लोकांनी काठ्या घेऊन येऊन त्यांना बाहेर काढले. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना कोणी आसरा दिला नाही. शेवटी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते बडोद्याच्या कामाठी बागेत बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते.

पाहा, एक बाग चर्नी रोडची आणि एक बडोद्याची. पहिल्या बागेत एका माणसाने आपले म्हटले होते. दुसऱ्या बागेत जवळ कोणीच नव्हते.

बाबासाहेब मुंबईला परतले. गुरुजींना हे कळले, तेव्हा ते स्वस्थ बसले नाहीत. बडोद्यात त्यांच्या ओळखीचे एक प्राध्यापक होते. बाबासाहेबांना त्यांच्या घरी राहता यावे, अशी खटपट गुरुजींनी केली. प्राध्यापक तयार झाले. बाबासाहेब पुन्हा बडोद्याला गेले. पण स्टेशनवरच त्यांना चिठ्ठी मिळाली. घरच्या माणसांचा विरोध असल्यामुळे प्राध्यापकांनी आपला शब्द मागे घेतला होता. बाबासाहेब तसेच परत फिरले.

या वेळी गुरुजींची खटपट वाया गेली. विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. चांगला मार्गदर्शक दार दाखवू शकतो, पण घराच्या आत बसलेल्या माणसांची मने तो एका दिवसात बदलू शकत नाही. त्यासाठी साऱ्या समाजाला बदलावे लागते. ते मोठे काम पुढे बाबासाहेबांनी स्वतः हाती घेतले.

१९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून पैसे साठवून ते पुन्हा लंडनला गेले आणि अपुरा राहिलेला अभ्यास पूर्ण केला. कोलंबिया विद्यापीठाची पीएच. डी. आणि लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. या मोठ्या पदव्या त्यांना मिळाल्या. ते बॅरिस्टर झाले. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी सर्वांना मिळावे म्हणून त्यांनी सत्याग्रह केला. बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाचा आवाज आता साऱ्या देशात ऐकू जाऊ लागला.

केळुसकर गुरुजींनी हे सारे पाहिले. १९३४ मध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा राज्यघटना तयार व्हायला अजून पंधरा वर्षे होती. त्यांनी लावलेल्या रोपाला लागलेले ते सर्वांत मोठे फळ त्यांना पाहता आले नाही.

पण हे रोप वाढतच गेले. आपल्याला मिळालेली मदत बाबासाहेब विसरले नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. हे नाव तुम्हांला काय सांगते? सिद्धार्थ हे गौतम बुद्धांचे मूळ नाव. गुरुजींनी भेट दिलेल्या पुस्तकाचा नायक आता एका कॉलेजच्या दारावर उभा होता आणि त्या दारातून हजारो गरीब मुले-मुली आत जाऊ लागली.

आता आपण पुन्हा चौकच्या किनाऱ्यावर येऊ. तेथे बसलेल्या मुलाचा किंवा मुलीचा प्रश्न अजून बाकी आहे.

केळुसकर गुरुजींनी नेमके काय केले, ते आठवा. त्यांनी मुलाकडे लक्ष दिले. गुणांच्या पलीकडे पाहून त्याची आवड आणि मेहनत ओळखली. त्याच्या हाती योग्य पुस्तक दिले. मदत कोठे मिळेल, याची माहिती ठेवली आणि वेळ येताच ती वापरली. मुलाला दारापर्यंत नेले आणि मग स्वतः बाजूला झाले. वाट कठीण झाली, तेव्हा पुन्हा धावून आले. आजच्या शाळेतील समुपदेशकाचे कामही याहून फार वेगळे नाही.

आणि भीमरावाने काय केले, तेही आठवा. कोणी आपल्याकडे पाहील म्हणून तो बागेत बसत नव्हता. त्याला वाचायचे होते म्हणून तो वाचत होता. गुरुजी भेटले, तेव्हा त्याने संकोच न करता त्यांच्याशी बोलणे केले. पुस्तक मिळाले, तेव्हा ते वाचून काढले. महाराजांसमोर उभे राहण्याची वेळ आली, तेव्हा तो घाबरला नाही. गुरुजींनी कितीही खटपट केली असती, तरी ही कामे त्यांना भीमरावासाठी करता आली नसती.

म्हणून, मित्रांनो, दहावीनंतर काय, हा प्रश्न एकट्याने मनात घोळवत बसू नका. तुमच्या शाळेत समुपदेशक असतील, तर त्यांना भेटा. नसतील, तर ज्या शिक्षकांवर तुमचा विश्वास आहे, त्यांच्याकडे जा. तुम्हांला काय आवडते, घरची परिस्थिती कशी आहे, कशाची भीती वाटते, हे त्यांना खरे खरे सांगा. विचारण्यात कमीपणा नाही. शिष्यवृत्तीची माहिती वेळेवर घ्या. अर्जाची तारीख चुकवू नका आणि तिच्या अटी नीट वाचून मगच सही करा. बाबासाहेबांच्या शिष्यवृत्तीलाही अट होती, हे तुम्ही वाचलेच आहे.

आणखी एक काम करा. कधी चर्नी रोडला जाणे झाले, तर त्या बागेत थोडा वेळ बसा. आणि तुमच्या गल्लीत, तुमच्या वर्गात, तुमच्या मागच्या बाकावर एखादा मुलगा किंवा मुलगी गुपचूप पुस्तक वाचत बसलेली दिसली, तर तिच्याकडे नुसते पाहून पुढे जाऊ नका. जवळ जा, चौकशी करा आणि तुमच्याजवळचे एखादे चांगले पुस्तक तिला द्या. केळुसकर गुरुजींनी सुरुवात एवढ्यानेच केली होती.